शुक्र : अल्लाहचा आणि माणसांचा

मोठ्या आजारातून उठलेला माणूस रस्त्यात भेटला की पहिला प्रश्न तब्येतीचा असतो आणि उत्तरही ठरलेले असते, "अल्लाह का शुक्र है." गोंदियात तर मराठी बोलता बोलताही हे वाक्य हिंदीतच येते. विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणारा पुढे निघतो. तसे पाहिले तर हे फार मोठे वाक्य आहे. आपले दुखणे, आपली भीती आणि आपला बचाव हे सगळे त्यात एका मालकाच्या हवाली केलेले असते. पण ते बोलून झाल्यावर मागे काही शिल्लक राहते की नाही? ज्यांनी उशाशी रात्री काढल्या, ज्यांनी पैसा उभा केला, ज्यांनी मुलांना जेवू घातले, त्यांचे आभार अल्लाहच्या शुक्रातच जमा झाले असे धरायचे काय? की त्यांचा हिशेब वेगळा ठेवायचा? आणि वेगळा ठेवला तर अल्लाहच्या वाट्यात माणसांना भागीदार केल्यासारखे तर होत नाही?

हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडलेला नाही. कर्करोगाच्या उपचारासाठी मी सुमारे आठ महिने गोंदिया-नागपूर अशा फेऱ्या केल्या, त्या काळात तो पडला. आजाराची कहाणी सांगण्याचा माझा इरादा नाही. अशा कहाण्या प्रत्येक घरात आहेत. पण प्रश्न कुठून आला हे वाचकांना ठाऊक असलेले बरे.

गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेकडचा जिल्हा. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. धान, भातगिरण्या, तेंदूपत्ता आणि बिडी यांवर इथल्या कितीतरी लोकांचे पोट चालते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे २०१६ साली सुरू झाले. तोवर मोठे दुखणे म्हणजे नागपूर असेच समीकरण होते आणि काही दुखण्यांच्या बाबतीत ते अजूनही आहे. आमच्याकडे रुग्णालयाचे पूर्ण नाव कुणी घेत नाही. 'मेडिकलला नेले', 'मेयोत भरती केले' एवढ्यावर समोरच्याला सगळे कळते. कर्करोग असेल तर राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचे रुग्णालय. रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरचे अंतर. ज्याच्या हाताला रोजची मजुरी आहे त्याच्यासाठी हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यासारखे नसते. रोगी एकटा जात नाही, त्याच्याबरोबर कुणीतरी जाते, म्हणजे घरातल्या दोन मजुऱ्या बुडतात. मागे राहिलेल्या मुलांकडे पाहायला तिसरे माणूस लागते. औषधाचा खर्च सगळ्यांना दिसतो. हा दुसरा खर्च दिसत नाही आणि घर खचते ते बहुधा त्यानेच.

अशा वेळी मोहल्ला उभा राहतो. जुम्याच्या नमाजनंतर दाराशी रुमाल पसरला जातो. नाव न सांगता एवढेच म्हटले जाते की एका भावाला इलाजासाठी गरज आहे. कुणी नागपूरच्या नातेवाइकाचा पत्ता देतो, कुणी स्टेशनवर मोटारसायकलने सोडतो. स्त्रिया आयत-ए-करीमा वाचायला बसतात. हे माझ्याही वाट्याला आले. पण मला आलेली मदत एवढ्यातच संपत नाही. शेजारच्या पोवार घरातील काकूंनी आठ महिन्यांत जितके डबे पाठवले तितके माझ्या सख्ख्या नातलगांनी पाठवले नसतील. त्यांच्या घरी मांसमच्छी शिजत नाही, आमच्या घरी शिजते, आणि या फरकावरून दोन्ही घरांत पूर्वी थोडीफार कुजबुज झालेलीही आहे. डबा मात्र कधी चुकला नाही. वॉर्डातल्या एका परिचारिकेने केवळ माझी शीर सापडत नाही म्हणून आपली पाळी संपल्यावर अर्धा तास जास्त थांबून सुई लावली. ती केरळची ख्रिस्ती बाई होती. आता 'अल्लाहने केले' हे वाक्य या सगळ्यांवर पांघरूण घालते की त्यांना उजेडात आणते?

येथे शब्दांकडे थोडे पाहावे लागेल. मराठी मुसलमानाजवळ या भावनेसाठी दोन घराण्यांचे शब्द आहेत. मराठीत आपण 'आभार' मानतो. त्या शब्दात भार दडलेलाच आहे. 'उपकार' तर आपण फेडतो, म्हणजे तो कर्जासारखा झाला. उपकाराखाली माणूस दबतो, वाकतो, मिंधा होतो. 'एहसान' या शब्दाचेही आपण तेच करून टाकले आहे. अरबीत त्याचा अर्थ भलाई, चांगल्यात चांगले करणे असा आहे, पण आपल्या बोलण्यात तो 'एहसान जताना' एवढ्यापुरताच उरला. 'शुक्र' या शब्दाची जात मात्र वेगळी आहे. कुरआनातील शब्दांचा प्रसिद्ध कोश करणारे रागिब इस्फहानी सांगतात की शुक्र म्हणजे मिळालेल्या नेमतीची मनात जाणीव ठेवणे आणि ती उघड करणे. त्याच्या उलट कुफ्र, म्हणजे ती विसरणे आणि झाकणे. थोड्या चाऱ्यावरही अंग धरणाऱ्या जनावराला अरबीत 'शकूर' म्हणतात हेही ते नोंदवतात. धन्याने काय खाऊ घातले ते जनावराच्या अंगावर दिसते, म्हणून ते शकूर.

कुफ्र हा शब्द ऐकला की आपल्याला एकदम अकीद्याचे वाद आठवतात. पण त्या धातूचा मूळ अर्थ झाकणे असाच आहे. कुरआनच्या सत्तावन्नाव्या सूरेत, अल-हदीदमध्ये, पावसाने वर आलेले पीक पाहून हरखणाऱ्यांसाठी याच धातूचा शब्द आला आहे आणि अनेक भाष्यकारांनी तिथे त्याचा अर्थ शेतकरी असा घेतला आहे. का, तर तो बी मातीने झाकतो. आमच्या धानाच्या मुलखात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बांधीत पऱ्हे टाकणारा माणूस तेच करत असतो. शेतकऱ्याचे झाकणे उगवण्यासाठी असते, ही गोष्ट निराळी. कुफ्रान-ए-नेमत म्हणजे मिळालेले असे झाकणे की त्यातून पुढे काहीच उगवू नये.

हा अर्थ घेतला तर आपला प्रश्न बदलतो. कुणाचे किती कर्ज फिटले हा मुद्दा राहत नाही. आपण काय उघड करतो आणि काय झाकतो, हा मुद्दा होतो. 'अल्लाह का शुक्र है' एवढे म्हणून जर पोवार काकू, ती परिचारिका आणि रुमालात दहाची नोट टाकणारा हमाल झाकले जात असतील, तर त्या शुक्रातच थोडा कुफ्रान शिरला असे म्हणावे लागेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांची याविषयीची शिकवण अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आलेली आहे. जो माणसांविषयी कृतज्ञ नाही तो अल्लाहविषयीही कृतज्ञ नाही, असा तिचा आशय आहे. हदीस सगळ्यांना पाठ असते. पण तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. अल्लाहचा शुक्र माणसांना वगळून जाऊन पोचत नाही.

यावर एक जोरदार आक्षेप आहे आणि तो इमाम गझालींचा (१०५८-११११) आहे, म्हणून तो टाळता येणार नाही. त्यांच्या 'इह्या उलूम अद-दीन' या चाळीस भागांच्या ग्रंथातील बत्तिसावा भाग सब्र आणि शुक्र यांवरच आहे. ते विचारतात, बादशहाने एखाद्याला लेखी फर्मान काढून इनाम दिले आणि तो माणूस कागदाचे व लेखणीचे आभार मानू लागला, तर त्याला काय म्हणाल? लेखणी बादशहाच्या हातात आहे. खजिनदारही त्याच्या हुकमाचा ताबेदार आहे. तसेच सगळे सृष्टीतले हात अल्लाहच्या हातात आहेत. ज्याला हे दिसले त्यालाच खरा शुक्र कळला.

हे वाचून मी बराच काळ अडखळलो होतो. कारण गझाली हे आजार न पाहिलेल्या पंडिताच्या तोऱ्यात लिहीत नाहीत. १०९५ साली बगदादच्या निजामिया मदरशात कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांची वाचा बसली. शिकवायला तोंड उघडावे तर शब्द येईना. अन्न गिळता येईना. हकिमांनी हात टेकले आणि दुखणे मनात आहे असे सांगितले. हा वृत्तांत त्यांनी स्वतः 'अल-मुन्किज मिन अद-दलाल' या पुस्तकात लिहून ठेवला आहे. पुढे ते पद, पैसा आणि बगदाद सोडून निघून गेले. अशा माणसाने सगळे हात एकाच हातात पाहिले तर त्याचा अर्थ समजू शकतो.

पण लेखणीला नाही म्हणता येत नाही. रात्री दोन वाजता रोग्याला उलटी झाली तर लेखणीला झोप मोडून उठावे लागत नाही. माणसाला लागते, आणि तो न उठण्याचा पर्याय त्याच्यापुढे असतो. आजारी माणूस खाटेवर पडून हेच पाहत असतो. कोण आले, कोण येऊ शकत होते आणि आले नाही, कोण दारापर्यंत येऊन परतले. त्या जागेवरून पाहिले तर माणसे लेखणीसारखी दिसत नाहीत. अल्लाहने त्या परिचारिकेच्या मनात दया घातली हे मी मानतो. पण त्या दयेला होकार तिने दिला. तो अर्धा तास तिचा होता.

विशेष म्हणजे गझालींनाही हे मान्य असावे. त्याच ग्रंथाच्या जकातवरील भागात त्यांनी घेणाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. तिथे ते म्हणतात की घेणाऱ्याने देणाऱ्याचा शुक्र मानावा, त्याच्यासाठी दुआ करावी. मात्र तो अल्लाहच्या देण्याचे माध्यम आहे हे विसरू नये. आणि पुढे एक फार बारीक गोष्ट सांगतात. देणाऱ्याने आपले देणे लहान समजावे आणि घेणाऱ्याने तेच मोठे समजावे. म्हणजे एकाच वस्तूविषयी दोघांनी दोन वेगवेगळी मापे वापरायची आणि दोन्ही खरी.

माझ्या मते सगळा गुंता येथे सुटतो. 'अल्लाहने केले' हे वाक्य देणाऱ्याच्या तोंडी असेल तर ती नम्रता आहे. घेणाऱ्याच्या तोंडी केवळ तेवढेच असेल तर ती पळवाट होऊ शकते. शब्द तेच, पण बोलणारा कोण यावर त्यांची नीती ठरते. कुरआनच्या शहात्तराव्या सूरेत अद-दहरमध्ये गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालणारे लोक येतात. ते अल्लाहसाठी देतात आणि मोबदला तर नाहीच, आभारही मागत नाहीत. हे देणाऱ्यांचे वर्णन आहे. त्याचा आधार घेऊन घेणाऱ्याने गप्प बसायचे नसते.

देणाऱ्याने कसे असावे याची मोठी उदाहरणे आपल्याच भागात आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपूरच्या रुग्णालयांत ऑक्सिजन संपत आला होता. माणसे खाटेअभावी व्हरांड्यात पडली होती. तेव्हा नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी टँकरची सोय केली, वाट्टेल त्या भाड्याने बाहेरून टँकर आणले. स्वतःचे सुमारे ८५ लाख रुपये त्यांनी घातले असे वर्तमानपत्रांत आले होते. प्रशासन पैसे द्यायला तयार होते. ही माझी रमजानची जकात समजा, असे सांगून त्यांनी ते नाकारले. प्यारे खान यांनी लहानपणी नागपूर स्टेशनबाहेर संत्री विकली होती, पुढे रिक्षा चालवली होती. भिलाईहून नागपूरला जाणारा हमरस्ता आमच्या देवरी, सडक अर्जुनीवरून जातो. त्या दिवसांत त्या रस्त्याने टँकर जाताना दिसला की लोक वाट मोकळी करून देत. कुणाच्या छातीत तो श्वास जाणार, त्याचे नाव काय, धर्म काय, हे टँकर पाठवणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि श्वास घेणाऱ्यालाही पाठवणारा माहीत नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२० च्या रमजानमध्ये, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये जमवून तिथल्या आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. टाळेबंदीतली ईद. नवे कपडे नाहीत, इदगाह बंद. यंत्रमागाच्या गावातले ते पैसे, मागच थांबलेले असताना जमवलेले. येथे एक मसला निघतो. हनफी फिक्हप्रमाणे जकात गरजूच्या मालकीची करून द्यावी लागते. मग रुग्णालयाच्या खाटेला ती चालते काय? आलिमांमध्ये यावर मतभेद आहेत, आणि जकात कुठली व सदका कुठला हा हिशेब ज्याने त्याने आपल्या आलिमाकडून समजून घ्यावा. मला त्यात पडायचे नाही. मला एवढेच दिसते की त्या खाटेवर पडणाऱ्याला ओळखपत्रावरचा धर्म विचारला गेला नाही आणि देणाऱ्यांनीही ती अट घातली नाही.

आता याच्या उलट बाजूकडे वळतो, कारण ती झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. समाजाच्या मदतीला एक जाच असतो. जुम्याला ज्याच्यासाठी रुमाल पसरला त्याचे नाव दोन दिवसांत सगळ्यांना कळतेच. मग त्याच्या घरावर मोहल्ल्याचा एक न बोललेला हक्क तयार होतो. मुलीच्या लग्नात थोडी रोषणाई केली तर "आपल्या पैशांवर बरे झाले आणि आता बघा." घरात जुना फ्रिज आला तरी लोकांच्या भुवया वर जातात. रोगी घरी मटण खाताना दिसला तरी चर्चा होते. वास्तविक केमोच्या दिवसांत डॉक्टरच त्याला अंडी-मटण खा म्हणून सांगत असतो. इयादतीला येणाऱ्यांपैकीही काही जण तब्येत पाहण्यापेक्षा घर पाहण्यासाठी आलेले असतात, आणि आमच्याकडची आणखी एक खोड म्हणजे रोग्याच्या उशाशी बसून त्याच दुखण्याने गेलेल्या माणसांची यादी सांगणे. शिधावाटपाचे फोटो काढून ते मोबाइलवर फिरवणारे तर आता प्रत्येक गावात झाले आहेत. पिशवी हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहायला लावलेल्या त्या म्हाताऱ्या बायांचे डोळे पाहावेत. देणाऱ्याने झाकायचे ते येथे उघडे पडते आणि ज्याची लाज झाकायची त्याचीच उघडी केली जाते.

हा जाच भोगलेल्या माणसाला 'अल्लाहने केले' या वाक्याचा तिसरा उपयोग कळतो. तो सुटकेचा आहे. देणाऱ्याचा हिशेब अल्लाहकडे जमा झाला असेल तर मी देणाऱ्याचा बंदा उरत नाही. मी त्याच्याविषयी कृतज्ञ राहीन, त्याचे नाव घेईन, त्याच्यासाठी दुआ करीन. पण त्याला माझ्या मुलीचे लग्न कसे व्हावे हे ठरवण्याचा अधिकार मिळत नाही. मराठीतला 'मिंधा' होण्याचा जो धोका वर सांगितला, त्यावर ईमानाचा हाच उतारा आहे. घेणाऱ्याची मान सरळ राहावी म्हणून मधे अल्लाह असतो. गरिबाच्या ईमानाची ही बाजू आपल्या लेखनात फारशी येत नाही. आपण त्याला भोळेपणा म्हणून सोडून देतो.

आणि सगळीच मदत उपकाराच्या खात्यात मांडायचीही नसते. माझ्या इलाजाचा मोठा भाग महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून झाला. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती सुरू झाली, २०१७ साली नाव बदलले, २०२३ साली कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या संरक्षणाचा निर्णय झाला. हा पैसा जनतेचा आहे. त्यात बिडीवालीने विकत घेतलेल्या काडेपेटीवरचा करही आहे. तो मिळाल्याबद्दल कुठल्याही पुढाऱ्याच्या दारात हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही. पण त्या योजनेच्या खिडकीत बसलेला जो मुलगा आमच्या रेशनकार्डावरचे आडनाव आणि आधारवरचे आडनाव जुळत नाही म्हणून स्वतः चार ठिकाणी फोन करतो, त्याचे आभार मानलेच पाहिजेत. हक्क शासनाकडून आणि माणुसकी त्या मुलाकडून. मोहल्ल्याचा रुमाल कितीही मोठा झाला तरी तो रुग्णालयाची जागा घेऊ शकत नाही. आणि 'आपली कौम आपल्या माणसांना सांभाळते' या अभिमानापायी गोंदियात आणखी काय हवे ते मागायचे आपण विसरू नये.

जमात म्हणजे कोण, हा प्रश्नही येथेच येतो. नागपूरला उपचारासाठी गेलेली आमची माणसे परतताना ताजबागला जाऊन येतात. काहींना ते पटत नाही. तो वाद बाजूला ठेवू. बाबा ताजुद्दीन (१८६१-१९२५) यांना १८९२ साली वेडे ठरवून नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते. सुमारे सोळा वर्षे ते तिथे होते. १९०८ साली जामीन देऊन त्यांना बाहेर काढून घरी नेले ते राजे रघुजीराव भोसले यांनी. ज्याच्या दारात आज लोक शिफा मागायला जातात, तो स्वतः सोळा वर्षे रोगी म्हणून कोंडलेला होता आणि त्याला घरी नेणारा मराठा राजा होता. आजारात माणसाला कोण आपला म्हणून उचलतो हे आधी सांगता येत नाही.

मला सर्वांत अवघड वाटते ते याच्या पुढचे. माझ्या शेजारच्या खाटेवर तिरोड्याकडचा एक माणूस होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, भातगिरणीत कामाला. त्याच्यासाठीही आयत-ए-करीमा वाचली गेली, रुमाल पसरला गेला, त्याची बायको तहज्जुदला उठून रडायची. माझ्या आजाराला औषध लागू पडले, त्याच्या पडले नाही. आता मी त्या बाईसमोर "माझी दुआ कबूल झाली" असे म्हणू शकतो काय? वाक्य माझ्यापुरते खरे असेल. पण ते तिच्या कानावर पडताच त्याचा दुसरा अर्थ होतो. तुझी झाली नाही. तुझ्या यकीनमध्ये काही कमी होते. शुक्राचे एक वाक्य, आणि ते एका विधवेवर आरोप होऊन बसते.

बरे झालेल्या माणसांच्या भाषणांत हा दोष मी नेहमी ऐकतो. ईमान मजबूत होते म्हणून वाचलो, असे ते सांगतात. मग जे गेले त्यांचे ईमान कच्चे होते काय? प्रेषितांचा (स.) मुलगा इब्राहीम तान्हेपणी गेला. त्या बाळाला मांडीवर घेऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले आणि त्यांनी ते लपवले नाही. त्यांच्या मुलांपैकी केवळ फातिमा (रजि.) त्यांच्यामागे राहिल्या. दुआ आणि आयुष्य यांचा हिशेब सरळ असता तर त्या घरातून एकही जनाजा निघाला नसता. हजरत अय्यूब (अलै.) यांचे उदाहरण आपण सब्रसाठी देतो. पण बरे होण्याच्या आधीच्या त्या वर्षांतही ते अल्लाहचेच होते, हे सांगायचे राहून जाते. आजारात ईमानाने मला काय दिले असे कुणी विचारले तर मी म्हणेन, रात्री बोलायला कुणीतरी दिले. बरे होणे ही वेगळी गोष्ट आहे. ती त्या तिरोड्याच्या माणसाला मिळाली नाही. पहिली त्याच्याजवळही होती. मी त्याला रात्री ओठ हलवताना पाहिले आहे.

येथे हमीद दलवाई यांची आठवण काढली तर काहींना आवडणार नाही. दलवाई ३ मे १९७७ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता त्यांचे दहन झाले. त्यांच्या मतांशी माझे पुष्कळ मतभेद आहेत आणि ते अंत्यविधीपाशी संपत नाहीत. पण अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाजवळ मेहरुन्निसाबाई आणि मित्र होते. जो दुआ मागत नव्हता त्यालाही माणसे मिळाली. मेहरुन्निसा दलवाईंनी पुढे आत्मकथन लिहिले त्याचे नाव 'मी भरून पावले आहे' असे आहे. भरून पावलो, हे मराठीत पैसे पूर्ण मिळाल्याच्या पावतीवर लिहितात. नवरा ऐन उमेदीत गेलेल्या बाईने आपल्या आयुष्यावर ती पावती लिहून दिली. बरे होणे हीच शुक्राची अट असती तर हे नाव त्या पुस्तकाला देता आले नसते.

तिरोड्याच्या त्या बाईला भेटायला मी बायकोबरोबर गेलो होतो. दुआविषयी आम्ही काहीच बोललो नाही. तिच्या नवऱ्याने वॉर्डात मला दोनदा स्वतःचा गरम पाण्याचा थर्मास दिला होता आणि एकदा माझा मुलगा वेळेवर पोचला नाही तेव्हा मला धरून संडासापर्यंत नेले होते, तेही त्याची स्वतःची चाल डळमळत असताना. हे मी तिला सांगितले. तिला ते ठाऊक नव्हते. तिने पुन्हा विचारले, कोणत्या दिवशी? मी दिवस सांगितला. मग तिने आतून मुलांना बोलावून माझ्यासमोर बसवले आणि म्हणाली, यांना पण सांगा.

राहिला रक्ताचा मुद्दा. उपचारात मला चार पिशव्या रक्त चढले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले आहे. म्हणजे त्या चारही पिशव्या कुणीतरी फुकट दिलेल्या. पिशवीवर रक्तगट असतो, तारीख असते, नंबर असतो. देणाऱ्याचे नाव नसते आणि विचारले तरी सांगत नाहीत. आमच्या पूर्व विदर्भात सिकलसेलची मुले आहेत. त्यांतल्या कित्येकांना पुन्हा पुन्हा रक्त लागते आणि ते अशाच नंबरांवर जगतात. येथे उघड करायला नावच नाही. परत करावे म्हटले तर तीही वाट बंद आहे. कर्करोग होऊन गेलेल्याचे रक्त नियमाप्रमाणे घेत नाहीत. मी विचारून पाहिले. शिबिरातल्या डॉक्टरांनी हसून पाठीवर हात ठेवला आणि घरात कोण अठराच्या पुढचे आहे असे विचारले.

यंदाच्या ईद-ए-मिलादला मोहल्ल्याच्या शिबिरात धाकट्याने पहिल्यांदा रक्त दिले. वजन पंचेचाळीसच्या वर भरते की नाही याची त्याला धास्ती होती, सत्तेचाळीस भरले. पिशवीवर नंबराची पट्टी चिकटवेपर्यंत तो ती वळून वळून पाहत होता. नंतर बिस्किटे खाल्ली, चहा घेतला, आणि हे कुणाला जाईल असे त्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले, ज्याला लागेल त्याला.